माझ्या जावेला नसलेली अ‍ॅलर्जी

पेशंटला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हा प्रश्न दवाखान्यात सगळ्यांना विचारतात. मुलाला विचारतात, सुनेला विचारतात, पेशंटला घेऊन आलेल्या ड्रायव्हरलाही विचारतील. फक्त जो खाटेवर पडला आहे त्याला विचारत नाहीत. माझी जाऊ शुद्धीवर होती. पाणी मागत होती, कोंबड्या झाकल्या का म्हणून माझ्या मागे लागली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. आणि तिला जी अ‍ॅलर्जी कधी नव्हतीच, ती तिच्या फाइलवर लाल शाईने लिहिली गेली. त्या लाल शाईपायी बाई जाता जाता राहिली. आजही आठवलं की मला इतका राग येतो, की भाजीत मीठ घातलं की नाही ते विसरते.

पहिल्यापासूनच सांगते.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, कोहमाऱ्याहून आत. घर एक, अंगण एक, चुली दोन. एकीवर मी, दुसरीवर माझी धाकटी जाऊ. भांडतो बी खूप आणि एकमेकींशिवाय आमचं चालत बी नाही. धानाची शेती आहे, आणि रोवणीचे दिवस आले की आमच्याकडे बाई सकाळी बांधीच्या, म्हणजे पाणी भरलेल्या वावराच्या, चिखलात उतरते ती दिवस कलल्यावर वर येते. आता तुम्हीच सांगा, उघड्या बांधीत बाईने लघवीला जायचं कुठे? माणसं बांधावर पाठ वळवून उभी राहतात, त्यांचं झालं. बायका मग पाणीच कमी पितात आणि दाबून धरतात. आमच्या सासवांनी केलं, आम्ही केलं, आमच्या सुना करून राहिल्या. याला कोणी आजार म्हणत नाही. जळजळ सुरू झाली की म्हणतात, गरम पडलं असेल, धन्याचं पाणी पी.

जाऊ धन्याचं पाणी प्यायली. त्याने थांबलं नाही, तेव्हा गावात मोटरसायकलवर बॅग घेऊन येतो त्या डॉक्टरला दाखवलं. त्याने एक सुई दिली, कागदाच्या पुडीत दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. कशाच्या गोळ्या, पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. बरं वाटलं, बाई पुन्हा बांधीत. मग पुन्हा जळजळ, पुन्हा पुडी. "या टायमाले पावर वाढवून देतो," तो म्हणाला. तिसऱ्यांदा आणखी पावर. मी जावेला म्हटलं, "अवं, ह्या पुड्यांत आहे काय, विचारलं का त्याले?"

"विचारून मले का समजणार आहे, बाई?" ती म्हणाली.

विचारण्याची सवयच कोणी लावली नाही आम्हाला. पुढे जे झालं त्यातही हेच आहे.

एका सकाळी तिला हिव भरून ताप आला. दात वाजत होते, दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. तालुक्याच्या गावी एका लहान खासगी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर बरा होता. त्याने लघवी घेतली आणि ती कल्चरला पाठवतो म्हणाला. कल्चर म्हणजे काय, मी कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "आजी, लघवीतले जंतू उगवून पाहतात. मग कोणत्या दवाईने ते मरतात, तेही पाहतात." म्हणजे रोपं उगवायला आपण धानाचे पऱ्हे टाकतो तसं. उगवायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर डॉक्टर अंदाजाने सलाईन-इंजेक्शन देणार. हे मला समजलं आणि पटलंही. पण पऱ्हे उगवेपर्यंत जावेचं बीपी खाली गेलं, आणि डॉक्टर म्हणाला, इथे ठेवण्यात अर्थ नाही, गोंदियाला न्या.

जावेचा मुलगा, माझा पुतण्या, गोंदियालाच असतो. कुडव्यात खोली करून राहतो, मोटरसायकलच्या शोरूममध्ये कामाला आहे. बी.कॉम. झालेला आहे, आईवर जीव टाकतो, फोन आल्याबरोबर धावत आला. गाडीत मी, तो आणि मध्ये आडवी जाऊ. अर्ध्या वाटेत त्याच्या मोबाइलवर तो कल्चरचा रिपोर्ट आला.

"काय म्हणते रे?" मी विचारलं.

तो बोटाने वर-खाली करत राहिला. इंग्रजीत औषधांची भली मोठी रांग, आणि एकेकापुढे एकेक शब्द. तो वाचत गेला, "रेझिस्टंट, रेझिस्टंट, हे बी रेझिस्टंट..." आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. "मोठी आई, आईची रेझिस्टन्स पावर तर जबरदस्त आहे! एवढ्या साऱ्याले रेझिस्टंट!"

खाली पडल्या पडल्या जाऊ म्हणते, "कायची पावर आहे माही? मले तं कूस बदलवत नाई."

"आणि बाकीचे?" मी म्हटलं.

"बाकी दोनच आहेत. त्या दोघांले सेन्सिटिव्ह आहे. म्हणजे ते दोन तिले नाई सोसत. ते नाई द्यायचे."

तुम्ही हसाल. पुढे पुष्कळ लोक हसले. पण तो असं का समजला ते ऐका, मग हसा. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी एकच घोष होता, रेझिस्टन्स पावर वाढवा. काढे प्या, पावर वाढवा. म्हणजे रेझिस्टन्स ही चांगली गोष्ट. आणि सेन्सिटिव्ह हा शब्द त्याने कुठे पाहिलेला? त्याच्या टूथपेस्टवर. त्याच्या दाताला थंड पाणी लागतं, ठणका लागतो, म्हणून तो सेन्सिटिव्हची टूथपेस्ट घेतो. म्हणजे ज्याला सोसत नाही तो सेन्सिटिव्ह. आता सांगा, पोराचं चुकलं कुठे? त्या शब्दांचे जे अर्थ जगाने त्याला शिकवले, तेच त्याने लावले. जो कागद पेशंटच्या मुलाच्या हातात पडणार आहे, त्यावर हा शब्द जंतूबद्दल आहे की माणसाबद्दल, एवढं एका ओळीत मराठीत नाहीतर हिंदीत लिहायला कोणाचं काय जातं? शाम्पूच्या पुडीवर पाच भाषांत लिहितात, कसा लावायचा आणि कसा धुवायचा. माणसाच्या जिवावर मात्र इंग्रजीतच लिहायचं.

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. भरती करणारी नर्स पोरगेलीच होती, जीभ अशी चाले की आमचं उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न. नाव, वय, शुगर है क्या, बीपी है क्या. मग, "किसी दवाई की एलर्जी?"

"हां, है ना," पुतण्या म्हणाला. "दो दवाई है. रिपोर्ट में आया है, मम्मी सेन्सिटिव्ह है."

"नाम बताओ."

त्याने मोबाइलवर बघून एकेक अक्षर करून सांगितलं, तिने लाल पेनने लिहिलं. फाइलच्या वरच, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. तेच मग कॉम्प्युटरमध्येही चढवलं. पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणाला, "रिपोर्ट देखोगे क्या?"

"बाहर का रिपोर्ट यहां नहीं चलता भैया. यहां फिर से होगा."

बघा आता. बाहेरचा रिपोर्ट चालत नाही, पण बाहेरच्या रिपोर्टातली अ‍ॅलर्जी चालते! जो कागद बघायला तुम्हाला फुरसत नाही, त्यातलीच गोष्ट तुम्ही लाल शाईने लिहिता. मी हे त्या दिवशी बोलले नाही, कारण त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. आता मात्र म्हणते.

त्यांनी पुन्हा लघवी घेतली, पुन्हा पऱ्हे टाकले. आधीच्या दवाखान्यातली इंजेक्शनं अंगात होतीच. तण मुळाशी जिवंत असलं, तरी तणनाशक मारलेल्या जागेत वर काय उगवणार? काही उगवलं नाही. "कल्चर में कुछ नहीं आया," म्हणून सांगितलं. आणि ताप काही उतरेना.

रोज राउंडला पाच-सहा जण येत. खाटेच्या पायथ्याशी उभे राहत, फाइल चाळत, आपसात बोलत. मी विचारायची, "साहेब, ताप काऊन नाही उतरून राहिला?" एकच उत्तर. "हाई अँटिबायोटिक चालू है, अम्मा. एकदम स्ट्राँग." हाई म्हटलं की आजूबाजूचे नातेवाईकही मान डोलावत. हाई चालू आहे म्हणजे झालं. अरे बाबांनो, धानावर तुडतुडे येतात तेव्हा कृषी केंद्रवालाही हेच म्हणतो, भारीवालं मारा. भारीवालं मारतो, आणि तुडतुडे तसेच बसून राहतात, कारण त्यांना त्याची सवय झालेली असते. प्रश्न भारी-हलक्याचा नाहीच. तो किडा कशाने मरतो, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर माझ्या पुतण्याच्या खिशात, मोबाइलमध्ये, पडून होतं.

जावेचे पाय सुजायला लागले. तोंड सुजलं. लघवीची पिशवी भरेना, आणि जी थोडी उतरायची तिचा रंग चहासारखा. किडनीवर आलं म्हणाले. असंच चाललं तर डायलिसिस करावं लागेल, पुढचं सांगता येत नाही. जावेने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मी गेली तं माही म्हैस इकू नको देऊ याले. गाभण आहे." मी म्हटलं, "तुह्या म्हशीचं तूच पाय. मले माही कामं नाहीत का?" तोंडाने असं म्हटलं, पण तिचा हात काही सोडला नाही.

मग एक डॉक्टरीण बाई आल्या. अशा हट्टी जंतूंच्या आजाराचीच त्यांची विद्या, ताप हटत नव्हता म्हणून दवाखान्याने बोलावून घेतलं होतं. चाळिशीच्या असतील. इतरांसारख्या पायथ्याशी उभ्या राहिल्या नाहीत. स्टूल ओढलं, जावेच्या उशाशी बसल्या आणि मराठीत तिलाच विचारलं, "काकू, या दोन औषधांचा तुम्हाला त्रास झाला होता ना? काय झालं होतं? अंगावर पुरळ आलं होतं का?"

"नाई."

"दम लागला? ओठ, डोळे सुजले?"

"नाई जी. मले ते देल्लंच कवा?"

बाईंनी फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "पूर्वी एवढी मोठी औषधं तिला कोण देणार होतं, मॅडम? रिपोर्टात आलं आहे म्हणून लिहून घेतलं." पुतण्याने मोबाइल काढून दिला. त्यांनी वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग मोबाइल परत देत अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, सेन्सिटिव्ह तुझी आई नाही. जंतू आहे. जंतू या दोन औषधांनी मरतो. बाकी सगळ्यांना तो रेझिस्टंट आहे, म्हणजे दाद देत नाही. जी पावर तू आईची समजलास ती जंतूची आहे."

पुतण्या भिंतीला टेकला. म्हणजे एवढे दिवस सगळी औषधं दिली गेली, फक्त जी दोन लागू पडणार होती तीच सोडून. जाणूनबुजून सोडून. त्याच्या सांगण्यावरून.

बाई त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर जाऊन राउंडवाल्या डॉक्टरांना मात्र इंग्रजीत असं सुनावलं, की भाषा समजली नाही तरी मला गार वाटलं. परत येऊन आम्हाला सांगितलं, दोनपैकी एक औषध किडनीला जड जातं. पहिल्या दिवशी देता आलं असतं, आता किडनी अशी असताना नको. दुसरं द्यायचं, मोजूनमापून, सलाईनमधून हळूहळू. "आता हे एकच आपल्या हातात आहे," असं म्हणाल्या.

तेवढ्यात ही गोष्ट वॉर्डभर झाली होती. शेजारच्या खाटेचे पाहुणे, ट्रॉली ढकलणारा, सगळे हसत होते. "ये देखो, सेन्सिटिव्ह भैया." पोरगा पाण्याच्या नळापाशी जाऊन उभा राहिला होता, डबा उघडला नाही. मी तिथेच म्हटलं त्या लोकांना, मोठ्याने म्हटलं. "हसता कायले? त्याने चुकीचं सांगितलं, हे खरं. पण विचारलं कोणी त्याले, की बाबा त्या औषधाने झालं काय होतं? लिहिणारीने विचारलं नाही, रोज वाचणाऱ्यांनी विचारलं नाही. शिकून-सवरून सारेच्या सारे एका लाल रेघेले भिऊन बसले, आणि हसता त्या पोराले?" ट्रॉलीवाला म्हणाला, "अरे अम्मा, मजाक कर रहे थे." मी म्हटलं, "तुझी माय तिथं पडली असती तं केली असती का मजाक?"

आणि इथे संपलं असतं तर मी एवढी तावातावाने बोललेही नसते. दुपारी नर्सांची पाळी बदलली. नवीन औषध खालून येऊन टेबलावर ठेवलेलं. नवीन नर्सने फाइल उचलली आणि औषध बाजूला सारलं.

"ये नहीं लगेगा. पेशंट को एलर्जी है."

"नाही अ‍ॅलर्जी," मी म्हटलं. "मॅडमने आत लिहिलं आहे, पहा."

तिने आतलं पान पाहिलं. "ऑर्डर अंदर है, पर मार्क तो बाहर है ना, अम्मा. कुछ हो गया तो मेरी नौकरी जाएगी."

तिचंही खोटं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण राग यायचा तो आलाच. आत बरोबर लिहिलेलं आणि बाहेर चूक लिहिलेलं, तर खरं काय धरायचं? बाहेरचं! लाल आहे म्हणून! पुतण्याला म्हटलं, "पळ, मॅडम जिथे असतील तिथून आण." तो पळाला. मी टेबलापाशी उभी राहिले, नर्सला हलू दिलं नाही. ती कुरकुरत होती, "हटो ना अम्मा, दूसरे पेशंट हैं." मी म्हणत होते, "दुसऱ्यांकडे जा, पण ही बाटली परत पाठवू नको."

बाई ओपीडी सोडून आल्या. नर्सच्या खिशातलं पेन घेतलं, फाइलवरच्या लाल अक्षरांवर आडवी-उभी अशी काट मारली की कागद फाटला, सही केली आणि नर्सच्या शेजारी उभं राहून औषध चढवायला लावलं. थेंब पडायला लागले तरी पहिली काही मिनिटं तिथेच थांबल्या, जावेच्या मनगटावर बोटं ठेवून. जाऊ डोळे मिटूनच म्हणाली, "मॅडम, मेली तं मी मरीन, तुम्ही काऊन एवढ्या घामाघूम झाल्या?"

दोन दिवस काही फरक दिसला नाही. मग ताप उतरायला लागला. लघवीची पिशवी भरायला लागली. मला दुसऱ्याची लघवी पाहून एवढा आनंद कधी झाला नव्हता. डायलिसिस करावं लागलं नाही. किडनी पूर्वीसारखी मात्र झाली नाही, ती आता जपावीच लागणार. जे झिजलं ते झिजलं.

सुट्टीचा दिवस आला. जाऊ चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल, "चाल ना बाई, म्हैस पाहाची आहे" म्हणून घाई. काउंटरवरून छापील डिस्चार्ज कार्ड मिळालं. पुतण्या आता प्रत्येक शब्द तीनदा वाचतो. वाचता वाचता थांबला आणि माझ्याकडे कार्ड धरलं. वरतीच छापलेलं होतं. अ‍ॅलर्जी. तीच दोन औषधं. ज्या औषधाने बाई वाचली, ते तिला कधी देऊ नये, असं त्याच दवाखान्याच्या कार्डावर!

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अम्मा, छोटी सी बात है. घर ले जाओ. कार्ड कौन देखता है?"

"कोणी पाहत नाही तर छापता कायले?" मी म्हटलं. "आणि हेच पाहून उद्या कोणी औषध नाही दिलं तर? काढून दे."

"सिस्टम में चढ़ गया है. मेरे से नहीं निकलेगा."

"मंग ज्याच्याने निघते त्याले बोलाव. मी बसली इथं."

बसले. मागे रांग वाढली. कोणी म्हातारी सनकी आहे म्हणालं, कोणी माझ्या बाजूनेही बोललं. जाऊ मला डोळ्यांनी खुणावत होती, पुतण्या शरमेने इकडेतिकडे बघत होता. शेवटी वरून कोणी साहेब आला. कार्डावर त्याने हाताने खोडलं, "कोई एलर्जी नहीं" असं हिंदीत लिहिलं, शिक्का मारला. मी म्हटलं, "आणि कॉम्प्युटरमधलं?" तो म्हणाला, वर सांगावं लागेल, होऊन जाईल. झालं की नाही, देव जाणे. पुतण्या त्यानंतर दोनदा विचारून आला. दोन्ही वेळा, "हो जाएगा."

आता जाऊ घरी आहे. बांधीत उतरत नाही, बांधावर छत्री घेऊन बसते आणि सगळ्यांना शिव्या घालते. पाणी भरपूर पिते, आणि मी पोरांच्या मागे लागून बांधावर चार बांबू आणि जुन्या साडीचा आडोसा करून घेतला. आधी हसले, आता आसपासच्या बांध्यांतल्या बायाही तिथेच येतात. बॅगवाला डॉक्टर आला की मी विचारते, पुडीत काय आहे, नाव लिहून दे. तो आता आमच्या दारी कमी येतो.

डॉक्टरीण बाई सांगून गेल्या होत्या, असा जंतू पुन्हा उलटू शकतो. पुन्हा ताप आला की आधी कल्चर, मग औषध, आणि बहुतेक त्या दोनपैकीच एक लागेल. हे जावेच्या डोक्यात बसून आहे. परवा आशाताई पोलिओच्या कामाने आली होती, तर ही खाटेवरून ओरडली, "लिहून घे, मले कोन्त्याच दवाईची अ‍ॅलर्जी नाई!" ती बिचारी बघतच राहिली. मी हसले, तर जाऊ हसली नाही. संध्याकाळी भांडं घासता घासता थांबून मला म्हणाली, "बाई, आता नेलं तं मलेच इचारतीन ना?"

मी म्हटलं, "नाही इचारलं तरी सांगायचं. खाटेवरून ओरडून सांगायचं. मी ओरडीन, तू बी ओरड."